अर्धं तोंड सावलीत

माझं तोंड एकदा लग्नासाठी पसंत झालं होतं. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती.

यात मी काही केलं असं नाही. (मी सहसा काहीच करत नाही. जे व्हायचं ते त्यातूनच होतं!) झालं ते माझ्या धाकट्या दिरामुळं, त्याच्या टाकामुळं आणि आमच्या घराच्या मावळतीच्या दारामुळं.

आमचं गाव साताऱ्याहून कोरेगावच्या रस्त्याला. आमचे हे पलटणीत, सरहद्दीवर. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, सुभेदार होते. पेन्शनीत निघाले तरी जेवणाच्या वेळी मोठ्या झालेल्या पोरांनाही रांगेत उभं करून हात बघायचे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मग धाकटे दीर दिनकरभाऊजी, ते साताऱ्याला ड्रॉइंग मास्तर व्हायच्या वर्गात जात. आणि शेवटी नणंद कुसुम, म्हणजे आमच्या वन्सं. वय लग्नाचं, स्वभाव वाऱ्यावरच्या पतंगाचा. ती एका जागी बसली तर समजावं, ताप आला आहे.

वन्संसाठी तासगावचं स्थळ आलं. मुलाचं नाव संपतराव. नवी द्राक्षाची बाग, विहिरीवर इंजिन, घरात कमी माणसं. आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. पण त्यांच्याहून जास्त नवस वन्संनीच केले होते, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. सांगलीला एका लग्नात पंगतीत संपतराव बुंदी वाढत होते. सगळ्यांना एकेक मूठ वाढली, वन्संच्या पानात दोनदा.

"दुसऱ्यांदा मी मागितलीच नव्हती, वैनी!" वन्सं मला जात्यावर बसल्या बसल्या सांगत होत्या. "आपणहून वाढली!"

"मग तुमी काय म्हणालात?"

"काय म्हणणार? तोंडात बुंदी होती की!"

तर हे लग्न व्हावं म्हणून ती पोर झुरत होती. आणि तासगावकरांनी निरोप धाडला, आधी मुलीचा फोटो पाठवा.

मामंजी वन्संना घेऊन साताऱ्याला फोटोवाल्याकडं गेले. फोटोवाला काळ्या फडक्यात डोकं घालायचा, की वन्संना हसू फुटायचं. हसू दाबलं की डोळे मिटायचे. शेवटी फोटो आला तो मिटल्या डोळ्यांचाच.

"हे काय गं?" मामंजी गरजले. "ह्या फोटूला हार घातला तर लोक दहाव्याला येतील!"

तेव्हा दिनकरभाऊजी पुढं आले. "आबा, फोटो कशाला? मी काढतो की चित्र. टाकानं. हुबेहूब!"

त्या दिवसांत भाऊजींच्या वर्गात रेघांनी सावली दाखवायला शिकवत होते. रंग नाही, काही नाही, नुसत्या रेघा. तिरक्या रेघा ओढल्या की फिकी सावली. त्यांच्यावरून उलट्या अंगाच्या रेघा ओढल्या की गडद. रेघा एकमेकींना खेटून आल्या की काळोख, लांब लांब गेल्या की उजेड. आणि जिथं लख्ख ऊन, तिथं कागद कोराच सोडायचा.

"कोराच सोडायचा तर काढतोस कशाला?" आत्याबाईंनी विचारलं.

"आई, तुला न्हाई कळायचं. सावली काढली की उजेड आपोआप दिसतो."

घरातली एक वस्तू त्यांनी सोडली नाही. तांब्या काढला, भोपळा काढला, मामंजींचे बूट काढले. (बूट इतके बेमालूम उतरले की मामंजी म्हणाले, "पॉलिश कमी पडलंय.") म्हैस काढताना मात्र शाईची अख्खी दौत संपली. म्हैस मुळात काळी, आणि त्यात गोठ्यातल्या सावलीतली!

झालं. वन्संना मावळतीच्या दाराशी पाटावर बसवलं. दुपार कलली की तिथून एका अंगानं उजेड यायचा, आणि भाऊजींना तसलाच उजेड हवा होता. भाऊजींनी टाक बुडवला. वन्सं हसल्या. पुन्हा बुडवला. वन्संच्या पायाला मुंगी चावली. तिसऱ्यांदा बुडवेपर्यंत वन्सं परसात चिंच पाडत होत्या. रोज थोडं थोडं करून डोळे, केस आणि कानातल्या कुड्या एवढं कसंबसं कागदावर उतरलं. बाकी तोंड कोरं!

भाऊजी रडकुंडीला आले. "सावलीला माणूस हलून चालत न्हाई गं! जरा हललं की सावली पळती!"

मग त्यांची नजर माझ्याकडं गेली. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते.

"वैनी, तुमी बसा!"

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. "मी? अन् कशाला?"

"डोळं, केस कुसुमचं झाल्यात. तुमची नुसती सावली घेतो. सावली काय, समद्यांची सारखीच!"

मला नाही म्हणता येत नाही. परक्या माणसापुढं तर नाहीच, घरच्यांपुढंही नाही. मला मान हलवता येते, आणि तीसुद्धा होकाराचीच, कारण नकाराची हलवायला धीर लागतो. मी पाटावर जाऊन बसले. बोलायचं नाही, हलायचं नाही, कुणाकडं बघायचं नाही. असं काम मला जन्मात पहिल्यांदाच कुणी दिलं होतं! माशी नाकावर बसून, हातपाय घासून, उडून गेली, तरी मी हलले नाही. भाऊजी म्हणाले, "वैनी, तुमी तांब्यापेक्षा बऱ्या!"

आठवडाभर रोज दुपारी मी त्या पाटावर बसले. इतकी सवय झाली की भाऊजींनी नुसतं "वैनी, बसा" म्हटलं की माझे पाय आपोआप दाराकडं वळायचे आणि मान आपोआप डावीकडं.

आता यात एक गोम होती, ती आमच्यातल्या कुणाच्याच ध्यानात आली नाही. त्या तसल्या चित्रात नाक काढत नाहीत. नाकाच्या एका अंगाला रेघा ओढतात, आणि नाक आपलं आपणच वर येतं. गालाचंही तसंच, हनुवटीचंही तसंच. आणि रेघा तर सगळ्या माझ्या तोंडाच्या! म्हणजे वन्संचे डोळे आणि वन्संच्या कुड्या यांच्या मधोमध माझं नाक ऐटीत येऊन बसलं.

चित्र पुरं झालं. घरचे सगळे गोळा झाले. 

आत्याबाई म्हणाल्या, "दिनू, पोरीच्या तोंडावर कुळव कशाला फिरवलास रं?"

"आई, ती सावली हाय!"

"आडवी पाळी, उभी पाळी. आता पेरायचं तेवढं राह्यलंय!"

मामंजी चष्मा लावून म्हणाले, "मला तर तारंचं कुंपण दिसतंय. पोरगी पलीकडं उभी हाय." मग चष्मा पुसून, "पर ही कुसुम हाय ना?"

"मग कोण?" भाऊजी दुखावले.

"असंल," मामंजी म्हणाले. अर्धं तोंड रेघांनी झाकलेलं, तिथं कोण खात्रीनं सांगणार? वन्संना कुड्या ओळखू आल्या, त्यातच त्या खूश. मी बघितलं, आणि मला वाटलं, ही बाई आपल्या बघण्यातली आहे. पण मी आरशात काय ते कुंकू लावण्यापुरती बघते. त्यामुळं नीटसं आठवेना.

चित्राची गुंडाळी एका पाहुण्याबरोबर तासगावला गेली.

तिकडं काय झालं ते आम्हाला मागून कळलं. चित्र सोप्यात उलगडलं आणि घरात दोन तट पडले. एक म्हणे, मुलीला गालभर गोंदलंय. दुसरे म्हणे, गोंदलं नाही, अर्धं तोंड भाजलंय. संपतरावांनी चित्राकडं एकदा बघितलं आणि ते न बोलता बागेत निघून गेले. "लाजला," घरचे म्हणाले.

संपतरावांची थोरली आत्या होती. सगळे तिला आक्का म्हणत. दणकट बाई, आवाज इंजिनाच्या वरचढ. ती म्हणाली, "वाद कशाला? मी जाऊन डोळ्यांनी बघून येते. सांगणार न्हाई कोण हाय ते."

आणि एके दिवशी ऊन कलताना ती आमच्या दारात उभी! घरात मी एकटी. आत्याबाई आणि वन्सं दळण आणायला गेलेल्या, मामंजी पारावर, भाऊजी साताऱ्याला. मी म्हशीचं आंबोण शिजवत होते. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळ्यांना धारा लागलेल्या. पातेल्याचं बूड सरळ करायला गेले आणि त्याच हातानं डोळे पुसले. म्हणजे काय झालं असेल ते सांगायला नको. एक गाल बरा, आणि दुसरा गाल, कपाळ, हनुवटी, सगळं काजळीनं काळं कुट्ट! घरात कुणी नाही म्हणून पदर कमरेला खोचलेला. चुलीपुढं मणी तापतात म्हणून मंगळसूत्र चोळीत सरकवलेलं.

"पोरी, पाणी देतीस का? एस्टी चुकली माझी."

मी तांब्या घेऊन पुढं झाले. बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि तांब्या तिच्या हातात तसाच राहिला.

"अगं बया... चित्रात हाय तस्संच की गं!" ती पुटपुटली. मग म्हणाली, "हे सुभेदाराचंच घर न्हवं?"

मी मान हलवली.

"अन् तू त्यांची पोरगी?"

आता इथं नकाराची मान हवी होती. मी मघाशी सांगितलंच आहे. मी होकाराची हलवली!

बाईला काय वाटलं कोण जाणे. तिनं तांब्यात पदराचं टोक बुडवलं, डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि खसाखसा माझा गाल घासायला लागली! मी डोळे गच्च मिटले. ओरडावं तर आवाज फुटेना. पळावं तर हनुवटी तिच्या मुठीत.

"निघालं! काळं निघालं!" ती आनंदानं ओरडली. "गोंदलं न्हाई, भाजलं न्हाई, नुसती काजळी! चांगली नितळ पोरगी हाय की!" तिनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली, पाणी प्यायली आणि निघून गेली.

आत्याबाई परतल्या. "कोण आलंवतं का गं?"

"एक बाई आल्या होत्या."

"कशाला?"

"तोंड धुऊन गेल्या."

"कुणाचं?"

"माझं."

आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि मला दोन दिवस उन्हात जाऊ दिलं नाही.

चार दिवसांत तासगावहून सांगावा आला, मुलगी पसंत आहे, येतो आणि सुपारी फोडूनच जातो. वन्संनी मला मिठी मारून घरभर फिरवलं. मामंजींनी भाऊजींच्या पाठीवर थाप मारली, "शाब्बास! तुझ्या रेघांनी काम केलं!" तोवर भाऊजी मोठे चित्रकार होऊन बसले होते.

दुपारच्या एस्टीनं पाहुणे उतरले. मावळतीच्या बाजूच्या सोप्यातच बैठक घातली. मी आत पोहे करत होते. वन्सं हिरवं लुगडं नेसून, मान खाली घालून, चहाचं ताट घेऊन गेल्या. संपतरावांनी वर बघितलं मात्र, त्यांची बशी कलली आणि चहा धोतरावर सांडला. पण तिकडं बघायला कुणाला वेळच झाला नाही.

"ही कोण?" इंजिनाच्या वरचढ आवाज आला.

"ही कुसुम. आमची लेक." मामंजी.

"मग मी जिचं तोंड धुतलं ती कोण?"

 माझ्या हातातला झारा तिथंच थांबला. तो आवाज मी ओळखला होता! मी दाराआडून बघायला गेले, आणि बांगड्या वाजल्या.

"ती बघा! तीच! चित्रातली तीच!"

"ती आमची थोरली सून हाय!" आत्याबाई किंचाळल्या.

"सून? मग ती स्वतःला लेक कशी म्हणाली?"

"ती? ती तर कायच म्हणत न्हाई!"

मग जे सुरू झालं! आक्कांनी पिशवीतून चित्राची गुंडाळी काढून सतरंजीवर आपटली. "चित्र एकीचं, पोरगी दुसरी! अशी फसवणूक? अन् ती बी लग्न झालेली!"

"फसवणूक?" मामंजी ताडकन उभे राहिले. "सुभेदाराला फसवा म्हणता? पलटणीत विचारा जाऊन!"

"पलटणीला काय विचारू? नाक बघा ह्या चित्रातलं! हे नाक त्या पोरीचं हाय का?"

सगळ्यांनी चित्रातलं नाक बघितलं. मग वन्संचं बघितलं. मग माझं. मी पदरानं नाक झाकलं. तेव्हा सगळ्यांची खात्रीच पटली.

"दिनू!" मामंजींनी हाक मारली. "हे नाक कुणाचं?"

मोठे चित्रकार खांबामागं गेले होते. तिथून बारीक आवाज आला, "डोळं कुसुमचं हाईत, आबा... नुसती सावली तेवढी वैनीची घेतली."

"सावली घेतली?" आक्का छातीला हात लावून मागं सरकल्या. "बायकांच्या सावल्या घेता तुमी?"

पाहुणे चपला शोधायला लागले. वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती हसरी पोर मी कधी तशी बघितली नव्हती. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, भुई दुभंगावी आणि माझं नाक तेवढं पोटात घ्यावं!

"थांबा, थांबा! मी दाखवतो!" भाऊजी खांबामागून धावले. "वैनी, बसा!"

आठवडाभराची सवय ती! सोपाभर पाहुणे, सोयरीक मोडायच्या बेतात, आणि मी मुकाट्यानं जाऊन दाराशी पाटावर बसले, मान डावीकडं वळवली आणि दगड झाले. मावळतीचं ऊन एका गालावर आलं.

"अगं बया!" आक्का ओरडल्या. "ही परत काळी झाली!"

आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चहाशेजारच्या तांब्यात पदर बुडवला, माझी हनुवटी धरली आणि घासायला सुरुवात केली!

"निघंना! ह्या वक्ताला निघंना!"

"आक्का, ती सावली हाय!" भाऊजी काकुळतीला आले होते. "ती घासून न्हाई निघत! त्यांचं तोंड उजेडाकडं करा!"

आक्कांनी माझं तोंड दाराकडं फिरवलं. काळं गेलं. आत फिरवलं. काळं आलं. गेलं, आलं. मी निखाऱ्यावरच्या कणसासारखी इकडून तिकडं फिरत होते. मग आक्कांनी चित्र उचललं, माझ्या तोंडाशेजारी धरलं, आणि डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हंजे ह्या रेघा... हे काळं, ते हे व्हय?"

"व्हय!"

"ऊठ गं तू." मी उठले. "ए पोरी, तू बस." वन्सं डोळे पुसत बसल्या. त्यांचंही अर्धं तोंड काळं. आक्कांना आता चटक लागली. "संपा, तू बस बघू!" संपतराव बसले. त्यांचंही अर्धं तोंड काळं!

तेव्हा आत्याबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "पोराचं अर्धं तोंड काळं दिसतंय. आमाला न्हाई बाई असला जावई पायजे!"

पहिल्यांदा मामंजी हसले. मग आक्का हसल्या, आणि त्या हसल्या तेव्हा गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

पण नाकाचं काय? आक्का डोळे पुसत भाच्याकडं वळल्या. "संपा, मी चित्रातली पसंत केलीवती. ही निराळी निघाली. आता तूच सांग, काय करू?"

संपतराव पाटावरून उठलेच नव्हते. खाली बघून म्हणाले, "आक्का, मला हीच पायजे होती. सांगलीला लग्नात बघितलीवती. बुंदी वाढताना."

"मग चित्र आलं तवा बोलला का न्हाईस?"

"चित्र उलगडलं, नि बघतो तर ही न्हवंच. दुसरीच कोण तरी! दोन दिस जेवण गेलं न्हाई मला." आणि मग एकदम, ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "ते नाक बघून तर मी बागेतच जाऊन बसलो!"

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं. मी पोहे आणायला आत गेले.

"मग भानगड काय ऱ्हायली?" आतपर्यंत आक्कांचा आवाज आला. "थोरल्या सूनबाईचं नाक थोरल्या सूनबाईला परत द्या, अन् सुपारी फोडा!"

पोहे करपले होते. तरी सगळ्यांनी खाल्ले. वन्संच्या बशीत संपतरावांनी आपल्या बशीतले घातले. न मागता.

ह्यांना रजा मिळाली तेव्हा लग्न झालं. पंगतीत आक्कांनी ह्यांना भर लोकांत सांगितलं, "पाव्हणं, तुमची बायको आमी पसंत केलीवती बरं का!" हे म्हणाले, "मग न्यायची होती की. निदान तिनं तुमच्याशी तरी बोलायला सुरुवात केली असती." लोक हसले. मीही हसले, पदराआड. आक्का मात्र त्या दिवसापासून कुठंही भेटल्या की आधी माझी हनुवटी धरून गाल तपासतात, मग खुशाली विचारतात.

चित्र आक्कांनी परत दिलं नाही. म्हणाल्या, एवढ्या रेघा एका पोरानं ओढल्यात, टाकायच्या कशा? काच लावून तासगावच्या सोप्यात टांगलं. वन्संची पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही आमची आई." आणि वन्सं आत गडाबडा लोळतात.

माझा म्हणून एकही फोटो नाही. काढायला गेले होते एकदा, पण फोटोवाल्यानं "जरा हसा" म्हटलं, मी मान हलवली आणि सगळं पुसट आलं. म्हणजे तरुणपणी मी कशी दिसत होते हे बघायची हुक्की आलीच, तर मला तासगावची एस्टी धरावी लागते, नणंदेच्या नावावर लागलेलं नाक ओळखावं लागतं. आणि तिथंही अर्धं तोंड काळंच!